ट्रंकेवरचा रुमाल

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या घरात टेबलक्लॉथ आधी आला आणि टेबल मागाहून आले. दोहोंच्या मध्ये तीस वर्षे गेली. हे वाचून कुणाला हसू येईल. पण जासई, धुतूम, चिर्ले, गव्हाण या आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारून पाहा, हिशेब थोड्याफार फरकाने हाच निघेल. मुलीच्या रुखवतात टेबलक्लॉथ हवाच, असा त्या काळी दंडक होता. टेबल हवेच, असा मात्र नव्हता. मग तो घालायचा कशावर? तर ट्रंकेवर.

ही ट्रंक म्हणजे पत्र्याची मोठी पेटी. आजोबांनी ती पनवेलच्या बाजारातून आणली होती. निळा रंग, झाकणावर हाताने काढलेली दोन लाल फुले, पुढे कडी-कोयंडा आणि त्याला पितळी कुलूप. ओटीच्या भिंतीला लागून ती विटांवर ठेवलेली असे. दिवसा ती टेबल होई, पाहुणे वाढले की बाक होई आणि परीक्षेच्या दिवसांत आम्हा मुलांचे लिहायचे मेज होई. तिच्यावर माझ्या आत्याने क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल अंथरलेला असे. टेबलक्लॉथ हा शब्द बाहेरच्यांसाठी. घरात तो ‘ट्रंकेवरचा रुमाल’च होता.

ट्रंकेच्या पोटात काय होते, हे सांगितल्याशिवाय त्या रुमालाची किंमत कळायची नाही. आजीचे लग्नातले लुगडे, आजोबांचा एकुलता एक लोकरी कोट, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. ते कागद म्हणजे सातबाराचे उतारे आणि जमीन संपादनाच्या नोटिसा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरी असे कागद येऊ लागले. खाडीकाठची भातशेती, मिठागरे, गुरचरण सारे नव्या शहराच्या नकाशात गेले. वाजवी मोबदल्यासाठी जो लढा झाला, त्याचे नेते दि. बा. पाटील हे आमच्याच जासईचे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत दास्तान फाटा आणि नवघर येथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती त्या रक्तातून. आत्या तेव्हा १९ वर्षांची होती. “त्या आठवड्यान सुईला हात लावला नाय,” एवढेच ती त्या दिवसांबद्दल सांगते. ज्या पेटीत घरादाराचे भवितव्य कुलूपबंद होते, तिच्यावर एका मुलीने विणलेली पांढरी फुले पसरलेली होती.

पत्रा ही तशी गरिबाची वस्तू. ज्याला आपण टिन म्हणतो ते खरे म्हणजे लोखंडच. पातळ पत्र्यावर कथलाचा अगदी बारीक मुलामा असतो. त्या मुलाम्यामुळे तो चकाकतो आणि गंजायला वेळ लागतो. आमच्या गावात हा पत्रा आला तो बहुतेक डब्यांच्या रूपाने. बर्मा शेलचे घासलेट चौकोनी डब्यांतून येई. १९७६ साली सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, तरी आजीच्या तोंडी डब्याचे नाव ‘बर्मासेल’च राहिले. घासलेट संपले की डब्याचा दुसरा जन्म सुरू होई. वर लाकडी दांडा ठोकला की पाणी भरायला चालला. कापून सरळ केला की कुडाच्या भोकाला ठिगळ झाला. १९३७ साली बाजारात आलेल्या डालड्याचे माडाचे चित्र असलेले पिवळे डबे तर महाराष्ट्रातल्या घराघरांत तुळस, तांदूळ आणि सुटे पैसे सांभाळत बसले.

पावसाळ्याच्या तोंडावर पत्र्याचे काम करणारा एक कारागीर गावात येई, असे आजी सांगते. वडाखाली बसून तो भाता चालवी. जुन्या डब्यांपासून चिमण्या, नरसाळी आणि दुधाची मापे बनवून देई, बादल्यांना नवी बुडे बसवी. सांध्यावर नवसागर चोळायचा, शेगडीत तापवलेल्या हत्याराने कथील-शिशाचा डाख द्यायचा आणि पाणी भरून गळते का ते पाहायचे. पत्रा सपाट करून त्याला खिळ्याने ओळीने भोके पाडली की किसणी तयार. आजीची किसणी त्यानेच केलेली. वर त्याने गरज नसताना एक गोष्ट केली होती. किसणीच्या कडेला, जिथे काही किसले जात नाही तिथे, खिळ्याच्याच टोकाने ठिपक्यांचे एक फूल उठवले होते. त्याचे त्याने पैसे घेतले नव्हते. ते फूल मी लहानपणी बोटाने चाचपीत असे.

आत्याच्या हातालाही असाच स्वभाव आहे. गावात एक शिवणवर्ग भरत असे, तिथे तिने एका शिक्षिकेकडून क्रोशा आणि भरतकाम उचलले. साखळी, खांब, मुका खांब ही क्रोशाची बाराखडी. तीन शब्दांत सारे व्याकरण आटोपते. साखळी घालायची, तिच्या डोळ्यांतून दोरा ओढून खांब उभे करायचे, कडेला मुका खांब घालून काम बंद करायचे. एवढ्यावर ती अननस, मोर, द्राक्षाचे घड काय वाटेल ते विणते. दोसुती कापडावर फुलीच्या टाक्याने तिने भरलेले हरणांचे जोडपे अजून आमच्या भिंतीवर आहे. तिचे लग्न १९८५ साली झाले आणि १९९१ साली कपाळ पुसून ती माहेरी परतली. रुखवतातले रुमाल ती बरोबर परत घेऊन आली. “मी केलेले व्हते, मी आनले,” असे ती म्हणते. तिच्या मालकीच्या एवढ्याच वस्तू, हे तिच्या बोलण्यात कुठेही येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र ते कळते.

२०१३ साली आमचे नवे घर बांधून झाले. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे त्यात लागले. घरात पोलादी कपाट आले, सोफा आला, सोफ्यापुढे काचेचे टेबल आले. ट्रंक भंगारवाल्याने किलोवर नेली. काचेच्या टेबलावर रुमाल घातला तर काच दिसत नाही, म्हणून रुमाल टी.व्ही.वर गेला. मग टी.व्ही. पातळ होऊन भिंतीला चिकटला आणि रुमाल निराधार झाला. किसणीही अशीच कुठेतरी गेली. आजूबाजूच्या घरांतही हेच झाले. पैसा आला तशी हाताने केलेली प्रत्येक वस्तू आम्हाला आमच्या गरिबीची साक्षीदार वाटू लागली, आणि साक्षीदार घरात कुणाला आवडत नाही.

हा विचार माझ्या मनात स्पष्ट झाला तो मात्र गावापासून दूर, सीवूड्सच्या एका झगमगीत दुकानात. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि आम्हा जासईकरांना नवी मुंबई जवळ आली. मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट घ्यायला आम्ही रांजणपाड्याहून गाडीने गेलो होतो. घरसजावटीच्या त्या दुकानात एका टेबलावर जाड हातमागाच्या सुताची लांब पट्टी अंथरली होती. तिच्या दोन्ही टोकांना पक्षी आणि ससे भरलेले होते. तिच्यावर एक आरसा उभा होता. आरशाची चौकट पत्र्याची, आणि चौकटीच्या चारी कडांना खिळ्याच्या टोकाने उठवलेली ठिपक्यांची फुले! चिठ्ठीवर लिहिले होते की दोन्ही वस्तू मेक्सिकोत हाताने बनवलेल्या आहेत. आरशाची किंमत ४,२०० रुपये, पट्टीची ३,५००. मैत्रीण म्हणाली, “चल, आपल्या खिशाचे नाही.” मी मात्र त्या ठिपक्यांपुढून हलेना.

नंतर मी ग्रंथालयात आणि मोबाईलवर शोधून मेक्सिकोबद्दल मिळेल ते वाचले. सातासमुद्रापलीकडच्या त्या देशाची गोष्ट आमच्या ओटीवरच्या गोष्टीशी इतकी जुळेल, असे वाटले नव्हते. मेक्सिको हा चांदीच्या खाणींचा देश. साकातेकास, ग्वानाह्वातो येथल्या खाणींतून स्पॅनिश अमलात अपरंपार चांदी निघाली. ती गेली स्पेनला आणि चर्चच्या वेदींवर. ज्यांच्या जमिनीतून ती निघाली त्यांनी चकाकणारा पत्रा हाती घेतला. त्याला तिकडे ‘ओहालाता’ म्हणतात, आणि गरिबाची चांदी असाही त्याचा लौकिक आहे. त्याच्या चौकटी झाल्या, मेणबत्तीदाण्या झाल्या, भोकाभोकांतून उजेड सांडणारे कंदील झाले. सान मिगेल दे आयेंदे आणि वाहाका ही गावे आजही या कामासाठी ओळखली जातात. खिळा तोच आणि पत्राही तोच. आमच्याकडे त्या भोकांतून काकडी किसली गेली, त्यांच्याकडे उजेड पडला.

एकोणिसाव्या शतकात तिथे आणखी एक रीत पसरली. आजारातून उठले, अपघातातून वाचले की लोक त्या प्रसंगाचे छोटे चित्र पत्र्याच्या तुकड्यावर काढवून घेत आणि संताच्या चरणी वाहत. आपल्या देवळांत नवसाचे चांदीचे डोळे, हातपाय आणि पाळणे वाहतात, तसेच हे. फ्रीडा काहलो आणि दिएगो रिवेरा या नामवंत चित्रकार दांपत्याने ही पत्र्यावरची चित्रे मोठ्या हौसेने जमवली होती.

आणि ती सशांची पट्टी? तसले भरतकाम इदाल्गो राज्यातल्या तेनांगो दे दोरिया या डोंगरी भागातले आहे. तिथल्या ओतोमी बायका आपल्या पोशाखावर पूर्वीपासून भरतकाम करीत. १९६० च्या दशकात तिथे दुष्काळ पडला, शेती बुडाली, तेव्हा त्यांनी विकण्यासाठी मोठमोठ्या कापडांवर प्राणी, पक्षी, झाडे भरायला सुरुवात केली. टेबलावरच्या त्या चादरी आज जगभर जातात. इथे मी वाचता वाचता थांबले. त्यांची शेती दुष्काळाने गेली, आमची संपादनाने गेली. त्यांच्या बायकांची सुई पुढे आली आणि आमच्या बायकांची सुई कपाटात गेली. असे का व्हावे?

आमच्या बायकांचा हात हलका नाही, हे मी जन्मापासून पाहते आहे. फरक मला दिसतो तो भोवतालच्या माणसांत. मेक्सिकोत १९१० ची क्रांती झाली आणि १९२१ साली, स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त, राजधानीत लोककलांचे मोठे प्रदर्शन भरवले गेले. मडकी, चटया, पत्र्याच्या वस्तू ही देशाची शोभा आहे, असे देशानेच सांगितले. १९७४ साली या कारागिरांसाठी राष्ट्रीय निधी उभा राहिला. आपल्याकडेही असे घडले नाही असे नाही. १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी ते जिवापाड वाढवले. भास्कर कुलकर्णी नावाचा वेडा चित्रकार आधी मिथिलेत आणि मग डहाणूच्या वारली पाड्यांवर कागद घेऊन गेला. लग्नाच्या चौकातले चित्र भिंतीवरून कागदावर उतरले आणि जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ते मंडळ २०२० साली बरखास्त झाले. पण मुद्दा मंडळाचा नाही. वारल्यांच्या भिंतीकडे पाहून ‘हे चित्र आहे’ असे म्हणणारा कुणीतरी होता. आत्याच्या रुमालाकडे पाहून मात्र सगळे ‘हा रुमाल आहे’ एवढेच म्हणत आले.

मेक्सिकोतही सारे गोडच आहे असे कुणी समजू नये. तेनांगोची नक्षी परदेशी कंपन्यांनी उचलली, छापली आणि विकली, अशा तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या. अखेर जानेवारी २०२२ मध्ये तिथे आदिवासींच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा झाला. आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीने मिलानच्या रंगमंचावर तसलीच चपल नावगाव न सांगता मिरवली. आरडाओरडा झाल्यावर मूळ भारताचे असल्याचे मान्य केले. दोनच महिन्यांनी वाहाकाच्या चपलांवरून असाच गलका झाला आणि जर्मनीच्या एका कंपनीला माफी मागावी लागली. कारागीर कोल्हापूरचा असो की वाहाकाचा, त्याची नक्षी आधी प्रवासाला निघते आणि त्याचे नाव मागे घरी राहते.

नाव घरी राहणे म्हणजे काय, ते मी आमच्याच घरी पाहिले. गेल्या वर्षी चुलत बहिणीचे लग्न झाले. आत्याने आठ महिने खपून तिच्यासाठी रुखवत केले होते: चार क्रोशाचे रुमाल, फुलीच्या टाक्याचे तोरण, ताटावर झाकायच्या सहा गोल जाळ्या. लग्नाच्या आठ दिवस आधी ठरले की रुखवत भाड्याने आणायचे. थर्माकोलचे मंदिर, त्यात फिरणारे दिवे, प्लॅस्टिकचे धबधबे. “फोटोत चांगला दिसतो,” असे कारण सांगण्यात आले. मांडवात धवलारणीचे धवळे चालू असताना आत्या त्या मंदिराकडे बघत उभी होती. मंदिराखालच्या लाकडी टेबलाची फळी फाटकी दिसत होती, म्हणून कुणीतरी तिचाच एक रुमाल खाली अंथरला होता. चाळीस वर्षांनी रुमालाला खरेखुरे टेबल मिळाले, पण वर थर्माकोलचे ओझे होते. आत्या काही बोलली नाही. रात्री तिने तो रुमाल धुतला, त्यावरचा कुंकवाचा डाग चोळचोळून काढला आणि वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी वही घेऊन बसले. तिला विचारून विचारून एका रुमालाचा हिशेब मांडला. दोऱ्याचे सहा गुंडे, प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे १८० रुपये. काम रोज दोन तास, एकवीस दिवस, म्हणजे ४२ तास. बाजारात एका दुकानदाराने तिला अशा रुमालाचे ३५० रुपये देऊ केले होते. दोरा वजा जाता उरले १७० रुपये. त्यांना ४२ ने भागले तर तासाला चार रुपये येतात. आमच्या नाक्यावर कंटेनर घेऊन येणाऱ्या ट्रेलरवाल्यांना चहा मिळतो तो १० रुपयांना. म्हणजे आत्याने अडीच तास विणावे, तेव्हा तिला एक कप चहा मिळावा!

आपण समारंभांतून स्त्रियांच्या कलेचे गोडवे गातो. घरचे काम, मायेचे काम, वेळ जातो म्हणून केलेले काम अशी त्याला गोंडस नावे देतो. ही नावे मला आता फसवी वाटू लागली आहेत. ज्या कामाला आपण माया म्हणतो त्याचे तास कुणी मोजत नाही, आणि ज्याचे तास कुणी मोजत नाही ते भंगाराच्या काट्यावर किलोने जाते. सीवूड्सच्या दुकानातल्या त्या चिठ्ठीवर निदान ‘हाताने बनवलेले’ आणि देशाचे नाव, एवढे तरी लिहिले होते. आमच्या वस्तूंना ती चिठ्ठीच कधी लागली नाही.

म्हणून यंदाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थिनींचे हस्तकला प्रदर्शन ठरले, तेव्हा मी आत्याचे चार रुमाल आणि सहा जाळ्या मांडल्या आणि प्रत्येकीशेजारी पुठ्ठ्याची चिठ्ठी लावली. मोठ्या रुमालाच्या चिठ्ठीवर लिहिले: ‘जासई येथे हाताने विणलेला. दोरा १८० रुपये. काम ४२ तास, दर तासाला ४० रुपये. एकूण १,८६० रुपये.’ आत्या पहिल्या दिवशी पाहायला आली. चिठ्ठी वाचून तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “यो काय सोन्याचा हाय? खोड त्यो आकडा.” मी खोडला नाही.

दोन दिवसांत मोठा रुमाल एकही विकला गेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण त्या टेबलापाशी जेवढे लोक थांबले तेवढे दुसरीकडे थांबले नाहीत. ते रुमाल पाहून थांबत आणि चिठ्ठी वाचून पुन्हा रुमालाकडे वळत. बेचाळीस तास हा आकडा कितीतरी जणांनी मोठ्याने वाचला. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी दोन जाळ्या चिठ्ठीवरच्या पूर्ण किमतीला घेतल्या, घासाघीस न करता. प्रथम वर्षाच्या तिघी मुली आता रविवारी आमच्याकडे येतात आणि आत्या त्यांना मुका खांब शिकवते. तिने पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकले की सुरू केल्याची वेळ वहीत लिहायची आणि संपवल्याची पण लिहायची.

परवा मी तिला तेनांगोच्या बायकांची गोष्ट सांगत होते. ससे, पक्षी, दुष्काळ, परदेशी कंपन्या, सारे तिने विणता विणता ऐकले. शेवटी सुई थांबवून म्हणाली, “त्या बायांनी पन तास मोजाला पायजेत.” आणि तिने वहीत वेळ लिहून पुढची ओळ धरली.